हरीण किती दूर आहे?
लेझर अंतरमापक कसा चालतो आणि तो कसा पारखावा

अमेरिकेच्या पश्चिम भागात रॉकी पर्वताच्या रांगा आहेत. तेथे शरद ऋतूत ठराविक दिवस सरकारी परवाना घेऊन हरणांची शिकार करता येते. डोंगरउतार उघडे, झाडी विरळ आणि हवा स्वच्छ, त्यामुळे समोरच्या उतारावर चरणारे ‘म्यूल डिअर’ जातीचे हरीण फार लांबूनही दिसते. ते ३०० मीटरवर आहे की ६०० मीटरवर, हे मात्र नुसत्या डोळ्याने सांगता येत नाही. मध्ये दरी असली, की नेहमीचा माणूसही हमखास फसतो. आपल्याकडे सह्याद्रीत एखाद्या किल्ल्यावर उभे राहून समोरच्या डोंगरावरचे झाड किती लांब असेल, असा अंदाज सोबत्यांना करायला सांगा. दहा जणांची दहा उत्तरे येतील.

हे अंतर मोजण्यासाठी तेथील शिकारी तळहातात मावणारे एक यंत्र वापरतात. त्याला ‘लेझर अंतरमापक’ म्हणतात. बाजारात त्याचे डझनावारी प्रकार मिळतात आणि प्रत्येकाच्या वेष्टनावर मोठमोठे आकडे छापलेले असतात. त्यांतले कोणते आकडे महत्त्वाचे आणि कोणते केवळ शोभेचे? या प्रश्नाचे उत्तर शाळेतल्या पदार्थविज्ञानानेच देता येते. शिकार करावी की करू नये, हा वेगळा प्रश्न आहे. त्याकडेही आपण शेवटी वळणार आहोत. आधी गणित पाहू.

अंतर चुकले तर काय बिघडते?

बंदुकीच्या नळीतून निघालेली गोळी सरळ रेषेत जाते, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात नळी सोडल्या क्षणापासून ती इतर कोणत्याही वस्तूप्रमाणे खाली पडू लागते. गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर आहे असे धरू आणि हवेचा अडथळा तूर्त सोडून देऊ. ६०० मीटर जायला तिला ६०० ÷ ८०० = ०.७५ सेकंद लागतील. तेवढ्या वेळात ती किती खाली येईल?

पडझड = अर्धा × ९.८ × ०.७५ × ०.७५ = सुमारे २.७६ मीटर.

म्हणजे दीड माणूस उंचीइतकी! ही पडझड भरून काढण्यासाठी नळी किंचित वर उचलून धरावी लागते. किती उचलायची, हे अंतरावरून ठरते. बंदुकीवरच्या दुर्बिणीची चकती फिरवून शिकारी तेवढा कोन देतो.

आता समजा, हरीण आहे ६०० मीटरवर, पण शिकाऱ्याला ते ५५० मीटरवर वाटले. ५५० मीटरसाठी पडझड येते २.३२ मीटर. ५५० मीटरवर २.३२ मीटर वर नेईल असा कोन त्याने दिला. त्याच कोनामुळे गोळी ६०० मीटरवर २.३२ × ६०० ÷ ५५० = २.५३ मीटर वर जाईल. पडझड मात्र २.७६ मीटरची आहे. म्हणून गोळी नेमापेक्षा ०.२३ मीटर, म्हणजे २३ सेंटिमीटर खाली लागेल.

हेच गणित बीजगणिताने मांडले, तर एक सोपे सूत्र हाती येते:

नेमातील चूक = ग × अ × च ÷ (२ × व × व)

यात ग म्हणजे गुरुत्वत्वरण, अ म्हणजे खरे अंतर, च म्हणजे अंतराच्या अंदाजातील चूक आणि व म्हणजे गोळीचा वेग. अंदाजात ५० मीटरची चूक झाली, तर वेगवेगळ्या अंतरांवर काय होते ते पाहा:

२०० मीटरवर: सुमारे ८ सेंटिमीटर
४०० मीटरवर: सुमारे १५ सेंटिमीटर
६०० मीटरवर: सुमारे २३ सेंटिमीटर

हरणाचे हृदय आणि फुप्फुसे ज्या भागात असतात, तो भाग साधारण २० ते २५ सेंटिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे मध्यबिंदूपासून १० सेंटिमीटरपर्यंतची चूक चालेल. २०० मीटरवर ५० मीटरचा अंदाज चुकला तरी ती मर्यादा ओलांडली जात नाही. ६०० मीटरवर मात्र गोळी पोटाखालून निघून जाईल किंवा पाय मोडेल. जखमी जनावर दऱ्याखोऱ्यांत पळून जाते आणि कित्येक तास, कधी कित्येक दिवस तडफडत मरते. अंतराच्या आकड्याला किती किंमत आहे, हे यावरून कळेल.

हवेचा अडथळा धरला, तर परिस्थिती आणखी बिकट होते. गोळीचा वेग वाटेत कमी होत जातो, तिला जास्त वेळ लागतो आणि ती जास्त पडते. ६०० मीटरच्या सुमारास वरची चूक साधारण दीडपट होते. म्हणजे तेथे १० सेंटिमीटरच्या आत राहायचे, तर अंतर जवळपास १५ मीटरच्या आत अचूक हवे. हा १५ मीटरचा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

दोन डोळ्यांची जुनी रीत

लेझर येण्यापूर्वी अंतर कसे मोजत? एका आडव्या नळीच्या दोन टोकांना दोन आरसे बसवीत. दोन्ही आरशांतून एकच वस्तू पाहायची आणि दोन प्रतिमा जुळेपर्यंत एक आरसा फिरवायचा. आरशाच्या कोनावरून अंतर काढता येते. आपले दोन डोळे नेमके हेच करीत असतात. युद्धनौकांवर अशा कित्येक मीटर लांबीच्या नळ्या असत.

या रीतीत एक मोठी अडचण आहे. अंतर वाढते तसा कोन फार लहान होतो आणि चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, नळी ३० सेंटिमीटर लांब आहे आणि कोन मोजण्यात ०.०००५ रेडियनच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे ०.००००५ रेडियनची चूक होते. मग २०० मीटरवर अंतरातील चूक ७ मीटरच्या आत राहते. पण ६०० मीटरवर ती ६० मीटर होते. अंतर तिप्पट, चूक नऊपट! खिशात मावेल असे यंत्र या रीतीने करणे म्हणूनच व्यर्थ ठरते.

प्रतिध्वनीची रीत

दुसरी रीत तुमच्या ओळखीची आहे. डोंगरकड्यासमोर उभे राहून हाक मारली, की प्रतिध्वनी येतो. हाक आणि प्रतिध्वनी यांच्यात एक सेकंद गेला, तर आवाजाने जाऊन-येऊन ३४० मीटर प्रवास केला. म्हणून कडा १७० मीटरवर आहे. वटवाघळे हेच करतात, जहाजे समुद्राची खोली अशीच मोजतात.

आवाजाऐवजी प्रकाश वापरला तर? प्रकाशाचा निर्वातातील वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे. ६०० मीटरवरच्या हरणापर्यंत जाऊन परत यायला त्याला फक्त ४ मायक्रोसेकंद लागतात. अंतर एक मीटरने बदलले, तर वेळेत सुमारे ६.७ नॅनोसेकंदांचा फरक पडतो. एक नॅनोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. इतका सूक्ष्म काळ मोजणारी इलेक्ट्रॉनिक घड्याळे आता एका लहानशा चिपवर मावतात.

येथे एक मौजेची गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९८३ मध्ये मीटरची व्याख्याच बदलण्यात आली. प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात निर्वातात जेवढे अंतर तोडतो, तो एक मीटर. म्हणजे लेझर अंतरमापक ही व्याख्या जशीच्या तशी अमलात आणतो! हवेत प्रकाशाचा वेग निर्वातापेक्षा दहा हजारांत तीन भागांनी कमी असतो. पण त्यामुळे ६०० मीटरवर १८ सेंटिमीटरचाच फरक पडतो. आपल्या कामाला तो नगण्य आहे.

या रीतीचा सर्वांत मोठा गुण असा, की चूक अंतराबरोबर वाढत नाही. घड्याळ एका मीटरइतके अचूक असेल, तर २०० मीटरवरही एक मीटर आणि ६०० मीटरवरही एकच मीटर.

यंत्राच्या पोटात

पहिला लेझर थिओडोर मेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० मध्ये माणकाच्या कांडीपासून बनविला. १९६२ मध्ये रॉबर्ट हॉल यांनी अर्धवाहकाचा लेझर करून दाखविला. आजच्या अंतरमापकात याच दुसऱ्या कुळातला, वाळूच्या कणाएवढा लेझर डायोड असतो. तो बहुधा ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश देतो. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

बटण दाबले की डायोडमधून प्रकाशाचा एक अगदी अल्पजीवी स्पंद निघतो. समोरचे भिंग त्याला बारीक शलाकेचे रूप देते. त्याच क्षणी घड्याळ सुरू होते. स्पंद हरणावर आदळतो, चहूकडे विखुरतो, आणि त्यातला अत्यल्प भाग यंत्राच्या दुसऱ्या भिंगात परत येतो. तेथील प्रकाशग्राही डायोड त्याची नोंद घेतो आणि घड्याळ थांबते.

हा ‘अत्यल्प भाग’ किती? यंत्राचे भिंग २५ मिलिमीटर व्यासाचे आहे आणि हरणाची कातडी पडलेल्या प्रकाशापैकी ३० टक्के परतवते, असे धरू. ६०० मीटरवरून विखुरलेल्या प्रकाशापैकी भिंगावर येणारा भाग काढला, तर तो हजार कोटींत एक-दोन इतका निघतो. अर्ध्या मायक्रोज्यूलच्या स्पंदात सुमारे दोन लाख कोटींहून अधिक प्रकाशकण असतात. त्यांपैकी शेतीनशेच परत येतील. शलाकेचा काही भाग हरणाच्या बाजूने निघून गेला, तर त्याहूनही कमी. एवढ्यावरून यंत्राला अंतर सांगायचे आहे!

त्यातच सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण भरपूर असतात. ते प्रकाशग्राहीवर सतत आदळत असतात. सभेतल्या गोंगाटात एखाद्याची कुजबूज ऐकावी, तसे हे काम आहे. त्यावर दोन उपाय करतात. पहिला, ९०५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाशच आत सोडणारी गाळणी भिंगामागे बसवायची. दुसरा, एकाऐवजी अनेक स्पंद सोडून त्यांची बेरीज करायची. खरा प्रतिध्वनी प्रत्येक वेळी त्याच क्षणी येतो, गोंगाट मात्र वाटेल तेव्हा येतो. शंभर स्पंदांच्या बेरजेत संकेत शंभरपट होतो आणि गोंगाट शंभराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे दहापटच वाढतो.

आता निवड

यंत्र कसे चालते हे कळले. आता वेष्टनावरचे आकडे तपासू.

पहिला आकडा: कमाल पल्ला. ‘२,००० मीटरपर्यंत मोजतो’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. पण कशावरून मोजतो? हा आकडा बहुधा रस्त्यावरच्या चकाकत्या पाटीसारख्या परावर्तक वस्तूसाठी असतो. अशी पाटी आलेला प्रकाश जेथून आला तिकडेच परत पाठविते. हरीण तसे करीत नाही. त्याची केसाळ कातडी प्रकाश सगळीकडे उधळते.

लक्ष्य शलाकेहून मोठे असेल, उदाहरणार्थ भिंत किंवा कडा, तर परत येणारा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. लक्ष्य शलाकेहून लहान असेल, तर तो अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतो. कारण जाताना शलाकेतला हरणावर पडणारा वाटाही वर्गाने घटत जातो. अंतर दुप्पट झाले, की प्रतिध्वनी सोळापट क्षीण! म्हणून प्रामाणिक उत्पादक परावर्तक पाटी, झाड आणि हरीण असे तीन पल्ले वेगवेगळे देतात. घेणाऱ्याने तिसरा आकडा पाहावा आणि तोही ढगाळ दिवसाचा समजून भर उन्हासाठी थोडा कमी करावा.

दुसरा आकडा: अचूकता. ‘अर्धा मीटर अचूक’ आणि ‘एक मीटर अचूक’ अशा दोन यंत्रांच्या किमतीत फरक असू शकतो. आपला १५ मीटरचा आकडा आठवा. जेथे १५ मीटर पुरेसे आहेत, तेथे अर्धा की एक, याने काय बिघडणार? या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

मग खरी चूक कोठे होते? ती घड्याळात होत नाही. यंत्र अगदी अचूक अंतर सांगते, पण भलत्याच वस्तूचे! हे समजण्यासाठी तिसरा आकडा पाहावा लागतो.

तिसरा आकडा: शलाकेचा फुगवटा. लेझरची शलाका सुईसारखी बारीकच राहते, ही दुसरी लोकप्रिय चुकीची समजूत. डायोडचा प्रकाश देणारा भाग बिंदूसारखा नसतो, तर बारीक पट्टीसारखा असतो. भिंग त्या पट्टीची मोठी प्रतिमा लांबवर पाडते. पट्टीची लांबी भागिले भिंगाचे केंद्रांतर म्हणजे शलाकेच्या फुगण्याचा कोन. तो मिलिरेडियनमध्ये देतात. एक मिलिरेडियन म्हणजे १,००० मीटरवर एक मीटर.

फुगवटा १.५ मिलिरेडियन असेल, तर ६०० मीटरवर प्रकाशाचा ठिपका ०.९ मीटर रुंद होतो. ३ मिलिरेडियन असेल, तर १.८ मीटर. हरणाची छाती वरपासून खालपर्यंत सुमारे ४५ सेंटिमीटर असते. म्हणजे ठिपक्याचा बराचसा भाग हरणावर पडतच नाही. काही समोरच्या गवतावर, काही मागच्या खडकावर. उतार सौम्य असेल, तर मागचा खडक हरणापासून ५०-६० मीटर लांब असू शकतो.

त्यात आणखी एक गंमत आहे. पानांतले हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषते, पण ९०५ नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाचा जवळपास निम्मा भाग हिरवी पाने परतवून लावतात. आपल्या डोळ्यांना गर्द दिसणारे झुडूप यंत्राला पांढरेशुभ्र दिसते! हरणासमोर एखादे झुडूप आले, तर यंत्राला झुडपाचाच प्रतिध्वनी मोठा ऐकू येतो.

म्हणून लांबच्या कामासाठी फुगवट्याचा आकडा लहान असलेले यंत्र निवडावे. यंत्रात ‘पहिला प्रतिध्वनी’ आणि ‘शेवटचा प्रतिध्वनी’ यांतील निवड करण्याची सोय आहे का, हेही पाहावे. हरीण झुडपामागे असेल तर शेवटचा उपयोगी; हरणामागे कडा असेल तर पहिला. आणि सर्वांत स्वस्त उपाय असा, की एकाच वाचनावर विसंबू नये. हरीण, त्याच्या पायाजवळची जमीन आणि शेजारचा मोठा खडक, असे तीन-चार वेळा मोजावे. प्रयोगशाळेत आपण एकच वाचन घेऊन थांबत नाही, तसेच हे.

चौथी गोष्ट: उताराचा कोन. डोंगरात हरीण बहुधा वर किंवा खाली असते. यंत्र तिरपे अंतर देते. नळीचा कोन कोणत्या अंतरावरून ठरवायचा?

समजा, नेमाची रेषा आडव्या पातळीशी क इतका कोन करते. गुरुत्वाकर्षणाचा या रेषेला लंब असलेला घटक ग × कोज्या क एवढाच असतो. गोळीला नेमाच्या रेषेवरून ढळविण्याचे काम तो एकटा करतो. त्यामुळे पडझड कोज्या क पटीने घटते. नळीला द्यायचा कोन मग ग × (अ × कोज्या क) ÷ (२ × व × व) असा येतो. कंसातली राशी म्हणजे हरणापर्यंतचे आडवे अंतर! म्हणजे नेम धरताना तिरपे अंतर न घेता आडवे अंतर घ्यायचे.

तिरपे अंतर ५०० मीटर आणि उतार ३० अंशांचा असेल, तर आडवे अंतर ५०० × ०.८६६ = ४३३ मीटर. शिकाऱ्याने ५०० मीटरचाच कोन दिला, तर आपल्या सूत्राप्रमाणे गोळी सुमारे २६ सेंटिमीटर वर जाईल. हरीण वरच्या बाजूला असो वा खालच्या, चूक वरच होते. कारण कोज्येला चिन्हाचा फरक कळत नाही. वर्गात हा प्रश्न विचारला, की निम्मी मुले ‘चढावर गोळी खाली लागेल’ असे सांगतात. त्यांना वरचे गणित करायला लावावे. उतारमापक असलेले यंत्र हा हिशेब स्वतःच करते. डोंगराळ मुलखात ही सोय असणे अगत्याचे.

पाचवी गोष्ट: एकके. अमेरिकेत अंतर वारांमध्ये मोजण्याची चाल आहे. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर. यंत्र वारांवर आणि दुर्बिणीचा तक्ता मीटरवर असेल, तर ६०० च्या आकड्यात ५१ मीटरची तफावत पडते. अर्ध्या मीटरच्या अचूकतेसाठी जादा पैसे मोजून एककांत घोटाळा करणे, याला काय म्हणावे!

यंत्र जे सांगत नाही

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अंतर बिनचूक कळले, म्हणजे गोळी बिनचूक लागेलच का? नाही. गोळीला ६०० मीटर जायला हवेचा अडथळा धरून पाऊण सेकंदाहून अधिक वेळ लागतो. हरीण सेकंदाला एक मीटर या संथ चालीने जरी निघाले, तरी तेवढ्यात ते पाऊण मीटर पुढे सरकलेले असते. शिवाय दरीतला वारा गोळीला बाजूला ढकलतो, आणि तो वारा वाटेत ठिकठिकाणी वेगवेगळा असतो. साधा अंतरमापक वाऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. शिकाऱ्याच्या हाताचा कंपही त्यात मिळवा.

चांगले यंत्र हाती आले, की माणसाला आत्मविश्वास येतो आणि तो पूर्वी सोडून दिली असती अशी लांबची संधी घेऊ पाहतो. अनेक चुकांपैकी एक चूक नाहीशी झाली, म्हणजे सगळ्याच नाहीशा झाल्या, असा हा भ्रम आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेला ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ हा तेथील शिकाऱ्यांचाच जुना संघ. त्याचेही म्हणणे असे, की प्राण्याला माणसाची चाहूल लागण्याची आणि निसटण्याची संधी असली पाहिजे. फार लांबून मारणे ही रास्त शिकार नव्हे. अंतरमापकाचा खरा शहाणा उपयोग म्हणजे ‘हे फार लांब आहे, चाप ओढू नकोस’ हे वेळेवर सांगणे.

आपल्याकडे

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार निषिद्ध ठरविली आहे. पण हेच यंत्र आपल्या जंगलांत रोज वापरले जाते, ते प्राणी मारण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी. मेळघाट, ताडोबा यांसारख्या व्याघ्रप्रकल्पांत चितळ, सांबर, गवे किती आहेत याचा अंदाज घेण्यासाठी वनरक्षक एका ठरलेल्या सरळ रेषेवरून पायी चालतात. कळप दिसला की अंतरमापकाने अंतर आणि होकायंत्राने कोन टिपतात. अंतर × ज्या कोन म्हणजे रेषेपासून कळपाचे लंब अंतर. अशा शेकडो नोंदींवरून, रेषेच्या दोन्ही बाजूंची किती रुंदीची पट्टी खरोखर पाहिली गेली ते ठरवितात आणि मग दर चौरस किलोमीटरला किती प्राणी हे काढतात.

येथे अंतर चुकले, तर? अंदाजाने सगळी अंतरे दहा टक्क्यांनी जास्त नोंदली गेली, तर पट्टी दहा टक्क्यांनी रुंद ठरेल आणि प्राण्यांची संख्या सुमारे नऊ टक्क्यांनी कमी येईल. चितळ किती यावरून त्या जंगलात वाघ किती जगू शकतील हे ठरते. म्हणजे येथेही आकड्याला जिवाचे मोल आहे.

हीच रीत चंद्रापर्यंत पोहोचली आहे. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या काचेच्या परावर्तकांवर पृथ्वीवरून लेझरचे स्पंद सोडतात. ते अडीच सेकंदांनी परत येतात. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने आपल्यापासून दूर जात आहे, हे त्यावरूनच कळले. २०२३ मध्ये चंद्रयान-३ च्या ‘विक्रम’ने असाच एक लहान परावर्तक चंद्राच्या दक्षिण भागात नेला, आणि त्याच वर्षी १२ डिसेंबरला चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकन यानाने त्यावरून परतलेला स्पंद टिपला.

सावधगिरीचा शब्द

अंतरमापकाचा प्रकाश डोळ्यांना सुरक्षित मर्यादेत ठेवलेला असतो. तरीही कोणत्याही लेझरच्या तोंडाशी डोळा नेऊ नये आणि तो कोणाच्या चेहऱ्यावर रोखू नये. अवरक्त प्रकाश दिसत नसल्याने पापणी आपोआप मिटत नाही, हे ध्यानात ठेवावे. जत्रेत मिळणारे लेझर तर मुळीच खेळण्यासारखे नाहीत.

करून पाहा

शाळेची किंवा गोदामाची मोठी मोकळी भिंत शोधा. तिच्यापासून ५० ते १०० मीटरवर उभे राहून टाळी वाजवा. प्रतिध्वनी ऐकू आला, की त्याच तालात पुढची टाळी वाजवा, म्हणजे प्रतिध्वनी आणि टाळी एकदमच येतील. अशा २० टाळ्यांना लागलेला वेळ मित्राला मोजायला सांगा. पहिली टाळी मोजताना ‘शून्य’ म्हणा. वेळेला २० ने भागा, ३४० ने गुणा आणि निम्मे करा. आलेले अंतर टेपने ताडून पाहा. वीस वेळा का मोजायचे, हे आता तुम्हीच सांगाल.

स्वतःला तपासा

१. स्पंद परत यायला २ मायक्रोसेकंद लागले. लक्ष्य किती दूर आहे?
२. फुगवटा १.५ मिलिरेडियन असता ४०० मीटरवर ठिपका किती रुंद होईल?
३. एका यंत्राला पांढरी भिंत १,००० मीटरवरून मोजता येते. त्याच्या चौथा हिस्सा प्रकाश परतविणारी काळपट भिंत किती अंतरापर्यंत मोजता येईल?
४. वनरक्षकाला ८० मीटरवर, रेषेशी ३० अंशांच्या कोनात सांबर दिसले. रेषेपासून त्याचे लंब अंतर किती?

उत्तरे: १. ३०० मीटर. २. ०.६ मीटर. ३. ५०० मीटर. ४. ४० मीटर.